एकट्या बदकाची हाक

मराठीत ‘माणसाळणे’ असे एक क्रियापद आहे. एखादा पशू वा पक्षी माणसाला न भिता त्याच्या अवतीभवती वावरू लागला की तो माणसाळला असे आपण म्हणतो. ‘पाळणे’ या क्रियापदात पाळणाऱ्याची कृती आहे. प्राणी तेथे केवळ कर्म. ‘माणसाळणे’ मध्ये मात्र प्राणीच कर्ता आहे आणि जे काही घडते ते त्याच्या आत घडते. जणू तो काही अंशी माणूस होतो. या शब्दाच्या उलट दिशेने जाणारे क्रियापद मला अद्याप सापडलेले नाही. माणसाळलेला प्राणी पुन्हा आपल्या जातीत परतला तर त्याला काय म्हणायचे? रानटी झाला म्हणता येणार नाही, कारण तो अंगणातच असतो, आपल्याच हातचे खातो. फक्त आपला राहिलेला नसतो. गेली काही वर्षे घरी बदक असल्यामुळे हा प्रश्न मला निव्वळ भाषिक वाटेनासा झाला आहे.

बदक पाळावे असे आमच्या घरात कोणीही ठरवलेले नव्हते. २०२१ च्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने आठवडी बाजारातून दोन पिल्ले आणली. शेजारच्या पाटीत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्ले होती, आणि ही दोन तेवढी आपल्या मूळच्या पिवळ्या रंगात होती, म्हणून त्याने ती निवडली. त्याचे घर सातव्या मजल्यावर. आमचे तळमजल्यावर, मागे चार पावलांची बाग असलेले. त्यामुळे पिल्ले आमच्याकडे आली. तिसऱ्या दिवशी त्यांतले एक मेले. उरलेल्याला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, खोक्यात दिवा लावून, भिजवलेला कणीकोंडा भरवून जगवले. आई जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. निवृत्त शिक्षकाचे दिवस कसे जातात हे या पानांवरील अनेक वाचकांना सांगायला नको. अण्णांच्या दिवसाला त्या पिल्लाने एक वेळापत्रक दिले. सहाला खोके उघडायचे, नऊला घमेल्यात पाणी भरायचे, चारला बागेत सोडायचे.

नाव त्यांनीच ठेवले : दमयंती. नळाचा निरोप नेणारा हंस होता, बदक नव्हे, आणि निरोप ज्याचा न्यायचा त्याचेच नाव निरोप्याला देणे हा काय प्रकार, असे मी म्हटले. अण्णा म्हणाले, “अगं, हंस काय आपला निरोप सांगून उडून जातो. पुढचं सगळं रान दमयंतीलाच तुडवावं लागतं.” ‘महाभारता’तील नलोपाख्यान त्यांनी वर्षानुवर्षे शिकवलेले. नळ टाकून गेल्यावर दमयंती अरण्यात भेटेल त्याला, वाघाला, पर्वताला, अशोकाच्या झाडाला, त्याचा ठावठिकाणा विचारत हिंडते, तो भाग त्यांच्या विशेष प्रेमातला. त्या वेळी आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते की पिल्लाने पुढे हे नाव शब्दशः खरे करायचे ठरवले आहे.

पहिले काही आठवडे ते चिवचिवत असे. मग घोगरेपणा आला. आणि एका सकाळी खरा आवाज फुटला. ज्यांनी बदकाची मादी जवळून ऐकलेली नाही त्यांना या आवाजाची कल्पना येणे कठीण आहे. चित्रपुस्तकातील ‘क्वॅक क्वॅक’ हा सर्वस्वी मादीचा स्वर आहे. नर घसा बसलेल्या माणसासारखा पुटपुटतो, कारण त्याच्या स्वरयंत्राला एका बाजूस हाडाचा पोकळ फुगवटा असतो आणि त्याने आवाजाची धार जाते. मादीच्या गळ्यात असा अडथळा नाही. बदकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी उमटत नाही अशी एक लोकप्रिय समजूत आहे. २००३ मध्ये इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात ट्रेव्हर कॉक्स या ध्वनिशास्त्रज्ञाने डेझी नावाच्या बदकाला प्रयोगशाळेत नेऊन ती खोटी ठरवली. आमच्या इमारतीतील कोणीही त्यांना हे प्रयोगाविना सांगितले असते. समोरासमोर असलेल्या दोन पाचमजली भिंतींमध्ये दमयंतीचा एक स्वर निदान तीनदा ऐकू येई.

वरच्या मजल्यावर एक तरुण राहतो. तो रात्रपाळीची नोकरी करी आणि सकाळी सात ते दुपारी दोन ही त्याची रात्र होती. त्याने तक्रार केली नाही. एके दिवशी जिन्यात थांबून तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला एक पाठवलंय, वेळ मिळाला की ऐका.” मोबाइलवर पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण होते, त्याच्या उशीपाशी केलेले. मी ते रात्री ऐकले. आपल्या घरातला आवाज दुसऱ्याच्या खोलीतून ऐकणे हा विलक्षण अनुभव आहे. खाली असताना तो आवाज दमयंतीचा असतो. त्याला पंख, चाल, तिरकी मान असते. वरून ऐकताना तो नुसता आवाज उरतो. पण त्यामुळेच की काय, मला त्यात प्रथमच एक रचना ऐकू आली. पहिला स्वर लांब व सर्वांत मोठा, मग चार-पाच स्वर क्रमाने आखूड आणि खाली उतरणारे. मग शांतता. पुन्हा तोच अवरोह. गोंगाटाला रचना नसते, हिला होती. शांततासुद्धा ठरावीक लांबीची होती. कोणीतरी उत्तर देईल म्हणून जेवढे थांबावे तेवढीच.

पक्षिशास्त्रात हा उतरता स्वरसमूह चांगला परिचित आहे. मस्कोव्ही हे अमेरिकेतले बदक सोडले तर जगातील झाडून सारी पाळीव बदके हिरव्या डोक्याच्या रानबदकाची, म्हणजे मॅलार्डची वंशज आहेत. मॅलार्डची मादी जोडीदारापासून वा थव्यापासून दुरावली की हाच अवरोह घेते. अर्थ एवढाच, की मी येथे आहे, तुम्ही कोठे आहात. थव्यात ही हाक एकदोनदा उमटते आणि उत्तर मिळताच थांबते. एकट्या बदकाच्या बाबतीत ती थांबण्याचे कारणच उरत नाही. आम्हाला जो त्रास वाटत होता तो एका प्रश्नाचा त्रास होता, आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता तो उत्तराअभावी.

त्यानंतर दोन आठवडे मी एक वही ठेवली. दमयंती केव्हा ओरडते, किती वेळ, आणि त्या वेळी कोण कोठे असते. शास्त्रीय निरीक्षण म्हणावे असे त्यात काही नव्हते, पण निष्कर्ष काढायला शास्त्राची गरजही पडली नाही. अण्णा बागेत खुर्चीवर असले की ती जवळजवळ गप्प असे. ते आंघोळीला गेले, जेवायला बसले, दुपारी आडवे झाले की अवरोह सुरू होई. सकाळी आठ ते दहा अण्णा पूजा आणि वर्तमानपत्र यांत असत, आणि वरच्या तरुणाची झोप नेमकी तेव्हा मोडे. थोडक्यात, ती ज्याला हाक मारत होती तो थवा एका माणसाचा होता, आणि त्या माणसाला ऐकू कमी येत होते.

येथे कोनराड लोरेन्झ आठवणे अपरिहार्य आहे. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिल्या काही तासांत ज्याच्या मागे चालते त्याला आई मानते, हा ‘मुद्रणा’चा सिद्धांत त्याच्या नावाशी जोडला गेला आहे. (डग्लस स्पाल्डिंगने १८७३ मध्येच कोंबडीच्या पिल्लांत हे टिपून ठेवले होते, पण कीर्ती नेहमीच पहिल्याला मिळते असे नाही.) १९४९ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि इंग्रजीत ‘किंग सॉलोमन्स रिंग’ म्हणून गाजलेल्या पुस्तकात लोरेन्झने एक प्रसंग सांगितला आहे. राजहंसाच्या जातीतील ग्रेलॅग पिल्ले त्याला नुसते पाहून स्वीकारत. मॅलार्डची पिल्ले मात्र गप्प माणसाच्या मागे येईनात. शेवटी तो उकिडवा बसून, आईसारखा अखंड आवाज काढत गवतातून सरकू लागला, आणि ती मुकाट मागे आली. पिल्ले उंच गवतात झाकलेली. त्यामुळे कुंपणाबाहेर जमलेल्या लोकांना दिसत होता तो एक दाढीवाला, प्रौढ, गवतात बसून बदकासारखा ओरडणारा गृहस्थ. प्रसंग विनोदी आहे, पण त्यातले तथ्य महत्त्वाचे आहे. बदकाच्या लेखी सोबत ही पाहण्याची गोष्ट नाही, ऐकण्याची आहे. आवाज थांबला की आई थांबली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट गॉटलीब याने हे आणखी मागे, अंड्याच्या आत नेले. बदकाचे अंडे सुमारे अठ्ठावीस दिवसांनी फुटते. त्याच्या एकदोन दिवस आधी पिल्लाची चोच अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत शिरते, आणि ते कवचाच्या आतूनच बोलू लागते. गॉटलीबने काही पिल्लांचा आवाज अंड्यातच बंद केला आणि त्यांना एकेकटे वाढवले. बाहेर आल्यावर त्यांना स्वजातीच्या मादीची साद आणि कोंबडीची साद यांत निवड करता येईना. म्हणजे आईचा आवाज ओळखण्याची शक्ती आयती मिळालेली नसते. जन्मापूर्वी स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकून ती सिद्ध होते. हे वाचल्यापासून ‘सहज’ या शब्दाचा अर्थ मला पुन्हा तपासून पाहावासा वाटतो. तो शब्दही ‘बरोबर जन्मलेले’ असाच आहे.

लोरेन्झला १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच्या चरित्रातला दुसरा भाग विसरता येत नाही : १९३८ मध्ये तो नाझी पक्षात गेला, आणि १९४० च्या एका लेखात त्याने पाळीव प्राण्यांत दिसणारा कथित ऱ्हास नागर माणसांना लावून त्यावर त्या राजवटीला रुचेल असा उपाय सुचवला. पाळीव बदक म्हणजे बिघडलेले रानबदक, असा त्याचा भाव. दमयंतीला वर्षभर पाहिल्यावर मला हे पटत नाही. ती जाड झाली होती, तिला उडता येत नव्हते, अण्णांच्या चपलेला ती आप्त मानत होती, हे सारे खरे. पण हजारो वर्षांच्या पाळीवपणानंतरही तिच्या गळ्यातला तो अवरोह रानातल्या बदकाचाच होता. ऱ्हास झाला असेल तर तो ऐकणाऱ्यांचा.

ऐकणाऱ्यांबद्दल थोडे सांगणे अगत्याचे आहे. वृद्धापकाळातील बहिरेपण सर्व आवाज सारखे कमी करत नाही. ते प्रथम वरच्या पट्टीतले आवाज नेते. चिमण्या, शिंजीर जातात. फोनची किणकिण जाते. मग बोलण्यातली ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने जातात आणि स्वर तेवढे उरतात. अण्णा म्हणत, “तुम्ही बोलता ते येतं गं मला, पण शब्द येत नाहीत.” आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या माणसाच्या कानात शब्दांचे पडलेले घर शिल्लक राहिले होते. कानातले यंत्र त्यांना सहन होत नसे. ते माणसांबरोबर मिक्सरही मोठा करते, असे सांगून त्यांनी ते खणात ठेवले होते. दमयंतीचा आवाज मात्र त्यांना पूर्ण ऐकू येई. तिच्या बोलण्यात व्यंजनांवाचून अडत नव्हते. घरातली ती एकटीच अशी होती की जिला ते “काय?” असे विचारत नसत. त्यामुळे वरच्या मजल्यावर जी पीडा होती ती खाली एका माणसाचे उरलेले संभाषण होते. ती निकालात काढणे हे केवळ शेजारधर्माचे काम नव्हते.

कायद्याने आम्हाला काही मदत केली नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. वरच्या तरुणाची रात्र सातला सुरू होत होती. तिची नोंद कोणत्याच नियमात नाही. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एका गृहस्थांनी बदकाला गावाकडे देऊन टाकण्याचे सुचवले, दुसऱ्यांनी पिंजऱ्याभोवती जाड कापड लावायला सांगितले. एका बाईंनी आरसा ठेवा म्हटले. एकट्या पक्ष्यापुढे आरसा ठेवावा हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून तो आम्ही करून पाहिला. दमयंतीने आरशात पाहिले, मान तिरकी केली, त्यामागे जाऊन पाहिले आणि बागेतल्या अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ओरडायला सुरुवात केली. आरशातल्या बदकाचा आवाज येत नव्हता. लोरेन्झच्या गवतातल्या पिल्लांप्रमाणे तिलाही मुकी सोबत मान्य नव्हती.

साहित्याच्या शिक्षकाला अशा वेळी साहित्य आठवते, ही खोडच म्हणायची. गदिमांच्या गाण्यातून घराघरात पोचलेली हान्स अँडरसनची कुरूप पिल्लाची गोष्ट (१८४३) आधी आठवली. पण त्या पिल्लाचे एकटेपण एका शोधाने संपते : तू बदक नाहीसच. दमयंतीची अडचण नेमकी उलटी होती. ती बदक होती आणि हे तिला सांगायला कोणी नव्हते.

अधिक जवळचे वाटले ते इब्सेनचे ‘द वाइल्ड डक’ (१८८४). माळ्यावर पाळलेले ते जखमी रानबदक प्रतीक म्हणून वर्गात इतके वापरले जाते, की ते बदक आहे हेच विसरले जाते. चौदा वर्षांची हेडविग मात्र ते विसरत नाही. ती ग्रेगर्सला सांगते त्याचा आशय असा, की सशांना आपले कुटुंब आहे, कोंबड्या लहानपणापासून एकत्र वाढलेल्या आहेत; हिला मात्र आपले म्हणावे असे कोणी नाही, हिला कोणी ओळखत नाही आणि ही कोठून आली तेही कोणाला ठाऊक नाही. नाटकातील सर्व मोठी माणसे बदकाचा अर्थ लावतात. त्याला सोबत नाही हे साधे निरीक्षण एका मुलीचे आहे. आणि तरीही, एकदल कुटुंबाच्या त्या माळ्यावर दुसरे बदक आणावे असे कोणालाही सुचत नाही. सुचले असते तर प्रतीक कोसळले असते. शोकांतिकेला बदक एकटेच लागते.

आपल्या परंपरेतही हेच आहे. चक्रवाक हा पक्षी कविसंकेतातला म्हणून आपण शिकवतो, पण तो खराखुरा बदककुळातला आहे. नारिंगी-तपकिरी रंगाचा, हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर जोडीजोडीने दिसणारा. दिवसभर बरोबर असलेले हे जोडपे रात्री नदीच्या दोन काठांवर विभागले जाते आणि रात्रभर एकमेकांना हाका मारते, असा संकेत. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात गौतमी येत असल्याची सूचना पडद्यामागून देतात ती चक्रवाकवधूला, रात्र झाली, सहचराचा निरोप घे, असे सांगूनच. उत्तरमेघात यक्ष पत्नीला एकट्या पडलेल्या चक्रवाकीची उपमा देतो. मी ही उपमा वीसेक वर्षे शिकवली असेल, पण त्याच श्लोकात ती मितभाषिणी असल्याचे यक्ष सांगतो, याकडे माझे लक्ष दमयंतीमुळे गेले. ज्या पक्ष्याची ख्याती रात्रभर हाका मारण्याची, त्याची उपमा कमी बोलणाऱ्या स्त्रीला! टीकाकार यातून वाट काढतील. मला एवढेच वाटते, की विरहिणीने मूक असावे ही अपेक्षा इतकी बळकट आहे, की ती चक्रवाकीच्या आवाजावरही मात करते. आमच्या सोसायटीची अपेक्षा यापेक्षा वेगळी नव्हती. एकटे राहायला कोणाची हरकत नव्हती, आवाज न करता राहावे एवढेच म्हणणे होते.

दुसरे बदक आणायचे ठरले तेव्हा प्रश्न आला नर की मादी. नराला आवाज नाही, हा मोठा गुण. पण एका नरामागे एकच मादी असली की तो तिचा पिच्छा सोडत नाही. मानेवरची पिसे जातात, जखमा होतात. जाणते पाळणारे एका नरामागे निदान तीन-चार माद्या ठेवायला सांगतात. मादी आणली तर आवाज दुप्पट होण्याची भीती. अण्णांना मी हे मोठ्याने, दोनदा समजावून सांगितले. ते म्हणाले, “हाक दुप्पट कशी होईल? एकीनं हाक मारायची, दुसरीनं ओ द्यायची. ओ दिल्यावर कोण ओरडतंय?” मग जरा थांबून म्हणाले, “माझी ओ तिला पुरत नाही. मी झोपतो, मला उशिरा ऐकू येतं. तिनं काय करावं?” या बदकाने अण्णांजवळ राहावे असे त्या घरात मला सर्वांत जास्त वाटत होते, त्यामुळे यावर मला काही बोलता आले नाही.

२०२३ च्या जानेवारीत मुळशीकडच्या एका शेतकऱ्याकडून दुसरी मादी आणली. भाच्याने तिचे नाव केशिनी ठेवले. नलोपाख्यानातील दमयंतीच्या दासीचे. आठवडाभर दोघींमध्ये जाळी होती. पहिले दोन दिवस दमयंती जाळीकडे पाठ करून अण्णांच्या पायाशी बसे. केशिनी थव्यात वाढलेली. तिने पहिल्या रात्रीपासून अवरोह लावला. वरच्या तरुणाला मी आधीच सांगून ठेवले होते, महिनाभर कळ सोस. त्याने सोसली. तिसऱ्या दिवशी दमयंतीने तिला पहिले उत्तर दिले. मुद्रण कायमचे असते असे लोरेन्झ मानत असे. नंतरच्या अभ्यासकांनी ते इतके अढळ नसल्याचे दाखवून दिले आहे. आमच्या बागेत ते ढळताना रोज थोडे थोडे दिसत होते. जाळी काढल्यावर दोघी एका घमेल्यात शिरल्या आणि घमेले उलटले.

झोपण्याच्या बाबतीत मला एक गोष्ट पाहायची होती. १९९९ मध्ये नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मॅलार्डच्या झोपेवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळीने झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदके मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून, एक डोळा उघडा ठेवून झोपतात. हे प्रमाण मधल्या बदकांच्या सुमारे अडीचपट असते, आणि उघडा डोळा थव्याबाहेरच्या बाजूचा असतो. मधल्यांना दोन्ही डोळे मिटण्याची चैन परवडते. हे वाचले तेव्हा मनात आले, की एकटे बदक सदैव कडेलाच असते. त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरच असते. दोन बदकांच्या ओळीतही दोघी कडेच्याच, पण प्रत्येकीला निदान एक बाजू मिळते. फेब्रुवारीत एका रात्री विजेरी खाली धरून मी पाहिले. दोघी एकमेकींना टेकून होत्या. केशिनीकडचा दमयंतीचा डोळा मिटलेला होता.

आवाज संपला असे नाही. सकाळी खोपटे उघडले की दोघींचा एकदम गलका होतो आणि तो पूर्वीपेक्षा मोठा असतो. पण तो दहा मिनिटांत विरतो. दुपारचा तो अवरोह, दर थोड्या वेळाने लागणारा, उत्तरासाठी थांबणारा, मार्चअखेर बंद झाला. वरचा तरुण जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “मॅडम, बदक दिलंत का कुणाला?” एक बदक गेल्याने नव्हे, एक वाढल्याने शांतता झाली, हे त्याला खरे वाटेना. वर्षभराने त्याला दिवसपाळी मिळाली.

अण्णांची खुर्ची बागेत आहे तेथेच आहे. दमयंती हातून दाणे खाते, पण खाऊन झाले की केशिनीकडे जाते. ती पायाशी बसत नाही. अण्णा आत गेले तर मान वर करून पाहत नाही. पहिल्या महिन्यात ते रोज संध्याकाळी मला विचारत, “आज ओरडली का?” त्यांना वाटे, आपल्यालाच आता तोही आवाज येईनासा झाला. मी सांगे, “नाही अण्णा, ओरडलीच नाही.” मग ते बराच वेळ काही बोलत नसत. एकदा म्हणाले, “बरं झालं. आता ती बदक झाली.” वाक्यात खेद होता की समाधान, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. उलट दिशेच्या क्रियापदाच्या सर्वांत जवळ मी पोचले ती त्या वाक्यापाशी, आणि तेथेही क्रियापद साधे ‘होणे’ हेच होते.

विरहाच्या कवितेचे कान तीक्ष्ण असतात. दुरावलेल्याची हाक तिने कधी चुकवलेली नाही. जे दुरावलेले नाहीत त्यांच्या आवाजासाठी मात्र आपल्याकडे काव्यप्रकार नाही. तो आवाज असतो. दोन बदके चिखलात चोची खुपसत शेजारी शेजारी चालतात तेव्हा त्यांच्या गळ्यातून एक अतिशय मंद पुटपुट अखंड चालू असते. तिला चढउतार नाही, ती कशासाठी थांबत नाही, तिच्यात प्रश्न नसतो. चार पावलांवरून ती ऐकू येत नाही. वरच्या मजल्यावर तर नाहीच. एकट्या दमयंतीच्या काळात ती आम्ही कधीच ऐकली नव्हती.

अण्णांना ती ऐकू येत नाही, आता येणारही नाही. संध्याकाळी मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसते, तेव्हा ते बदकांकडे बोट करून विचारतात, “काय म्हणतायत?” मी त्यांच्या कानापाशी वाकून, मोठ्याने, सावकाश सांगते. दोन-तीनदा सांगावे लागते. तेवढ्यात अंधार पडतो.